जुन्या एस्टीमला ॲम्प्लिफायर जोडताना वीज कुठून घ्यावी आणि सिग्नल कुठून घ्यावा

मिरजेच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे २००५ सालची मारुती एस्टीम असून तिच्यात त्या वेळी शोरूममधूनच बसवून घेतलेला सीडी स्टिरिओ आहे. घरात शास्त्रीय गायनाच्या सीडींचा मोठा संग्रह असल्यामुळे तो स्टिरिओ त्यांना बदलायचा नाही. त्यांनी चार चॅनलचा एक ॲम्प्लिफायर विकत घेतला आहे. त्याच्या खोक्यावर १००० वॅट असे छापलेले आहे, आतल्या पुस्तिकेत मात्र ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनलमागे ५० वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद) असे लिहिले आहे, आणि ॲम्प्लिफायरच्या अंगावर ३० ॲम्पिअरचा फ्यूज आहे. स्टिरिओच्या मागे आरसीए सॉकेट, म्हणजे ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे तयार सॉकेट, नाहीत. एका दुकानात त्यांना सांगण्यात आले की सिगारेट लायटरच्या वायरवरून प्लस घेऊ, सीटच्या बोल्टला अर्थ (गाडीच्या पत्र्यातून मिळणारा मायनस) देऊ आणि अर्ध्या तासात गाडी देऊ. याच पद्धतीने काम केलेल्या त्यांच्या मित्राच्या गाडीत इंजिनाची गती वाढली की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो. तेव्हा वीज कुठून घ्यावी, सिग्नल कसा काढावा आणि ही शिट्टी कशी टाळावी, असे तीन प्रश्न त्यांनी केले आहेत.

दुकानदाराने सुचवलेली पद्धत स्वीकारू नये, हे आधी स्पष्ट सांगतो. प्लस थेट बॅटरीवरून स्वतंत्र वायरने आणि बॅटरीजवळ फ्यूज लावूनच घ्यावा, आणि अर्थ ॲम्प्लिफायरजवळच्या पत्र्यावर रंग खरवडून द्यावा. सिग्नल स्टिरिओच्या स्पीकरच्या वायरवरून घेता येतो आणि त्यासाठी स्टिरिओ बदलण्याची गरज नाही. मात्र वीस वर्षांच्या गाडीत ॲम्प्लिफायर जोडण्याचे काम ॲम्प्लिफायरपासून सुरू होत नाही, ते बॉनेटखाली सुरू होते. आपण जे संगीत ऐकता त्यात तर हे अधिकच खरे आहे, कारण ढोल-ताशाच्या आवाजात जी घरघर लपून जाते, ती विलंबित ख्यालातल्या दोन स्वरांमधल्या जागेत स्वच्छ ऐकू येते. आपल्याला वॅट कमी पडणार नाहीत. वीज आणि अर्थ किती स्वच्छ मिळतात, यावरच सगळे अवलंबून राहील.

खोक्यावरच्या १००० वॅटचा निकाल फ्यूजच लावतो. ३० ॲम्पिअरला १३.८ व्होल्टने गुणले की ४१४ वॅट होतात. म्हणजे हा ॲम्प्लिफायर गाडीकडून सतत घेऊ शकेल तीच वीज इतकी आहे. त्यातील निम्म्याहून थोडी अधिक वीज आवाजाच्या रूपाने बाहेर पडते आणि उरलेली उष्णतेत जाते, असे जुन्या एबी वर्गातील ॲम्प्लिफायरचे गणित असते. चार चॅनलचे मिळून २०० वॅट हा पुस्तिकेतला आकडा त्याच्याशी जुळतो, म्हणून तो विश्वासार्ह मानावा. डी वर्गातील ॲम्प्लिफायर ८० टक्क्यांहून अधिक वीज उपयोगात आणतात, पण ३० ॲम्पिअरच्या फ्यूजवर १००० वॅट त्यांनाही जमणार नाहीत.

आता बॉनेट उघडा. साधा डिजिटल मल्टिमीटर असला तरी पुरे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन चालू केल्यावर ते १३.८ ते १४.४ पर्यंत जावेत, आणि हेडलाइट व ब्लोअर लावून इंजिन किंचित वाढवल्यावरही साडेतेराच्या खाली येऊ नयेत. येत असतील तर आधी अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचे) ब्रश, बेल्ट आणि रेग्युलेटर तपासून घ्यावेत. अल्टरनेटरची क्षमता त्याच्या अंगावरील पट्टीवर छापलेली असते, ती वाचून ठेवावी. दोन हेडलाइटच्या ११० वॅटना ८ ॲम्पिअर लागतात. त्यात ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, एसीचा क्लच, पेट्रोल पंप आणि इग्निशन मिळवले की ३० ॲम्पिअरच्या घरात खर्च सहज जातो. अल्टरनेटर आपली छापील क्षमता इंजिन मंद चालत असताना देत नाही, हेही लक्षात ठेवावे. तरीही घाबरण्याचे कारण नाही. गाण्यात सतत पूर्ण ताकद लागत नसते, आणि २०० वॅटचा ॲम्प्लिफायर नेहमीच्या ऐकण्यात सरासरी ५ ते १० ॲम्पिअरपेक्षा जास्त ओढत नाही. त्यामुळे मोठी बॅटरी, मोठा अल्टरनेटर किंवा दुकानात आग्रहाने विकला जाणारा कपॅसिटर, यांपैकी कशाचीही आपल्याला गरज नाही.

याच वेळी मल्टिमीटर एसी (उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या) व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजणी करावी. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि आतले डायोड तिला एका दिशेने वळवतात. डायोड ठीक असतील तर एसीचा आकडा व्होल्टच्या एक-दोन दशांशांतच राहतो. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर एखादा डायोड गेलेला आहे असे समजावे, आणि पुढचा सगळा खटाटोप त्यानंतरच करावा. आपल्या मित्राच्या गाडीतल्या शिट्टीचा स्वर इंजिनाबरोबर का चढतो, हेही यातून कळते. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर एका फेऱ्यात ३६ लहरी सोडतो. पुलीमुळे तो इंजिनाच्या दुप्पट फिरतो असे धरले, तर इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना अल्टरनेटरचे ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे आणि १८०० लहरी होतात. १८०० हर्ट्झचा हा आवाज नेमका तंबोऱ्याच्या वरच्या स्वरांच्या प्रदेशात येतो. मिरजेच्या माणसाला तो खटकला नाही तरच नवल.

त्यानंतर अर्थ. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनापासून बॉडीला जाणारे जाड पट्टे बघावेत. वीस वर्षांत त्यांची टोके गंजलेली किंवा बोल्टखाली काळी पडलेली असतात. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे डिकीतल्या उघड्या पत्र्यावर लावा, फरक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर हे पट्टे नवीन घ्यावेत. सांगली-मिरज भागात गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतली असेल तर आणखी एक चौकशी आवश्यक आहे: २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात ती पाण्यात उभी होती का? पुरातून निघालेली गाडी धुऊन-पुसून लख्ख दिसते, पण जमिनीलगतच्या वायरिंगमध्ये शिरलेले पाणी तांब्याला आतून हिरवे-काळे करत राहते. कार्पेट उचलून उंबरठ्याच्या पट्टीखालचे एक-दोन कनेक्टर उघडून पाहिले की खरे काय ते कळते. अशा गाडीत जुन्या वायरिंगच्या एकाही टोकावर नवीन भार टाकू नये.

सिगारेट लायटरची वायर नको म्हणण्याचे कारणही हेच आहे. त्या वायरचा फ्यूज साधारण १५ ॲम्पिअरचा असतो आणि वायरही त्याच बेताची असते. ३० ॲम्पिअरचा ॲम्प्लिफायर तिच्यावर लावला की एखाद्या जोरकस तानेला फ्यूज उडतो. मग कोणीतरी तिथे ३० चा फ्यूज घालतो, आणि त्या दिवसापासून फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापू लागते. फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी नसून वायरच्या रक्षणासाठी असतो, एवढे पक्के ध्यानात असले की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात. म्हणूनच मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वायरच्या ४५ सेंटिमीटरच्या आत बसवायचा. ॲम्प्लिफायर डिकीत बसवला की त्याच्या अंगावरचा फ्यूज पाच मीटर दूर जातो. मधल्या पाच मीटरमध्ये वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर तो काहीच करू शकत नाही.

वायर किती जाडीची घ्यावी, याचे गणित सोपे आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंत, वळणे धरून, सुमारे पाच मीटर लागतील. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ३० ॲम्पिअरला जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो, ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.४४ व्होल्ट आणि १० मध्ये ०.२६ व्होल्ट. आपल्याला १० चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, लवचिक वायर पुरेशी आहे आणि तिच्यावर ४० ॲम्पिअरचा मॅक्सी ब्लेड फ्यूज लावावा. १६ घेतली तर नुकसान काही नाही, पण तो खर्च ऐकू येणार नाही. खरा धोका जाडीत नसून भेसळीत आहे. तयार ‘वायरिंग किट’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वायरींमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. तिचा अवरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि दमट हवेत तिची टोके लवकर खराब होतात. दुकानातच एक तार चाकूने खरवडून पाहावी, आत पांढरे दिसले तर ती परत द्यावी. त्यापेक्षा इलेक्ट्रिकच्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीची तांब्याची लवचिक वायर मीटरवर घेणे कधीही चांगले.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढावा आणि काम संपल्यावर तो सर्वांत शेवटी लावावा. काही स्टिरिओ वीज तुटल्यावर कोड मागतात; आपल्याकडे तो कोड लिहिलेला आहे का, हे आधी पाहावे. केबिनमध्ये शिरताना वायर पत्र्याच्या छिद्रातून उघडी कधीही नेऊ नये, रबरी ग्रोमेटमधूनच (छिद्रात बसणाऱ्या कड्यातूनच) न्यावी आणि बॉनेटखालच्या भागावर नालीदार प्लास्टिक पाइप चढवावा. उसाच्या शेताजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांचा विचार करूनही हा पाइप हवाच. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आणि गाडीच्या तळाला पेट्रोल व ब्रेकचे पाइप असतात, त्यामुळे खाली काय आहे हे न पाहता फरशीच्या पत्र्यात एकही स्क्रू मारू नये. डिकीत गॅसची टाकी असेल तर ॲम्प्लिफायर तिथे नकोच. मग तो पुढच्या सीटखाली प्लायवुडच्या तुकड्यावर थोडा उचलून ठेवावा. शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूला ठेवावा, कारण जुन्या गाड्यांत एसीच्या पाण्याची नळी तुंबली की डाव्या बाजूचे कार्पेट ओले होते.

अर्थची वायर प्लसइतकीच जाड असावी आणि अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसावी. सीटचा किंवा सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नये. एक तर त्याच्याखाली रंग आणि सीलंट असते, दुसरे म्हणजे तो सुरक्षेचा बोल्ट आहे आणि त्याच्या बैठकीत वॉशर किंवा लग (वायरच्या टोकाचे धातूचे कडे) घुसडणे योग्य नाही. बॉडीचा जाड पत्रा निवडून रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी, क्रिम्प केलेला (वायरवर दाबून बसवलेला) लग स्टार वॉशरसह नट-बोल्टने आवळावा, आणि वरून रंग किंवा ग्रीस लावून जागा झाकून टाकावी. कोयना-पाटण किंवा महाबळेश्वरकडे पावसाळ्यात गाडी नेत असाल तर हे झाकणे विसरू नये, कारण उघडा ठेवलेला चकचकीत पत्रा तिथल्या एका पावसाळ्यात गंजतो.

आता सिग्नलकडे वळू. जुन्या स्टिरिओत स्पीकरला दोन प्रकारांनी जोडणी केलेली आढळते. स्टिरिओ चालू करून आवाज शून्यावर ठेवा, मल्टिमीटर डीसीवर (एका दिशेने वाहणाऱ्या विजेवर) ठेवून काळे टोक बॉडीला आणि लाल टोक स्पीकरच्या मायनस वायरला लावा. ६ व्होल्टच्या आसपास दिसले तर आतला ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायर जिवंत आहेत आणि त्यातली कोणतीही बॉडीला लागता कामा नये. लागली तर स्टिरिओचा आयसी (आतली चिप) जळू शकतो. शून्य दिसले तर मायनस बॉडीशी जोडलेला आहे. २००५ च्या सीडी स्टिरिओत बहुधा पहिलाच प्रकार निघेल. दुसरा प्रकार मुख्यतः जुन्या कॅसेटच्या टेपमध्ये असे, आणि तशा काही गाड्यांत स्पीकरचा मायनस दरवाजातच बॉडीला जोडलेला असतो. स्टिरिओचा सॉकेट काढून स्पीकरच्या प्रत्येक वायरचा बॉडीशी अवरोध मोजा. एखादी वायर बॉडीला लागलेली दिसली, तर ती जुनी वायर नवीन ॲम्प्लिफायरला वापरायची नाही, त्या दरवाजापर्यंत नवीन जोडी टाकायची.

आपल्या ॲम्प्लिफायरला ‘हाय लेव्हल इनपुट’चा, म्हणजे स्पीकरच्या वायरवरचा सिग्नल थेट घेणारा, सॉकेट असेल तर काम सरळ आहे: स्टिरिओमागे स्पीकरच्या वायर तोडून स्टिरिओकडची टोके त्या इनपुटला द्यावीत आणि ॲम्प्लिफायरचे आउटपुट स्पीकरकडच्या टोकांना जोडावे. तो सॉकेट नसेल तर लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीवर आणणारी छोटी डबी) घ्यावा, आणि घेताना आत ट्रान्सफॉर्मर असलेला घ्यावा, कारण ट्रान्सफॉर्मरमुळे स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थ एकमेकांपासून वेगळे राहतात आणि शिट्टीचा एक मोठा मार्ग तिथेच बंद होतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये खर्जाचा आवाज थोडा दबतो. दरवाजातल्या लहान स्पीकरसाठी हे चालते. कन्व्हर्टर ॲम्प्लिफायरजवळ ठेवावा. स्टिरिओपासून डिकीपर्यंत येणारी सिग्नलची केबल एका बाजूच्या उंबरठ्याने आणि प्लसची वायर दुसऱ्या बाजूने आणावी, आणि दोन्ही कुठे भेटल्याच तर काटकोनात ओलांडाव्यात.

दरवाजांपर्यंतची जुनी स्पीकर वायर बदलायलाच हवी असे अनेक जण सांगतात, ते मला पटत नाही. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरची जाऊन-येऊन सहा मीटर लांबी धरली तर अवरोध ०.२ ओहम होतो, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरपुढे पाच टक्के. हा फरक कानाला कळत नाही. वायर शाबूत असेल, बॉडीला लागलेली नसेल आणि दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत चिरलेली नसेल, तर ती राहू द्यावी. प्लस-मायनस मात्र नक्की करून घ्यावेत. ॲम्प्लिफायर जोडण्यापूर्वी स्पीकरच्या वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की पडदा बाहेर सरकतो. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज येतो, पण खर्ज नाहीसा होतो आणि गायक गाडीत नेमका कुठे बसला आहे तेच कळेनासे होते.

ॲम्प्लिफायरला चालू-बंद करणारी रिमोट वायर राहिली. आपल्या स्टिरिओला अँटेनाची निळी वायर असेल तर तिच्यावर १२ व्होल्ट येतात का आणि सीडी चालू असतानाही ते टिकतात का, हे मोजून पाहावे, कारण काही स्टिरिओ ती वायर फक्त रेडिओच्या वेळीच जिवंत ठेवतात. काही ॲम्प्लिफायर स्पीकरच्या वायरवरचे ते ६ व्होल्ट ओळखून स्वतःच चालू होतात. तशी सोय असेल तर रिमोट वायरची गरज पडत नाही. दोन्ही नसेल तर फ्यूज बॉक्समधून किल्लीबरोबर चालू होणारी लाइन १ ॲम्पिअरच्या फ्यूजमधून घ्यावी. त्यात स्टिरिओच्या आधी ॲम्प्लिफायर जागा होऊन स्पीकरमध्ये ‘थप्’ असा आवाज होऊ शकतो, म्हणून हा मार्ग मी शेवटी ठेवतो.

गेन चुकीचा लावल्यानेही स्पीकर जळतात. गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. स्पीकर सोडवून ठेवावेत, फिल्टर बंद करावेत, टोन कंट्रोल मध्यावर आणावेत, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवावा आणि १०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा टोन सीडीवरून वाजवावा. ५० वॅटला ४ ओहमने गुणून वर्गमूळ काढले की १४.१ येतात, आउटपुटवर मल्टिमीटर एसीवर ठेवून १४ व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवावा आणि तिथेच थांबावे. साधे मल्टिमीटर या फ्रिक्वेन्सीला बरोबर दाखवतात, जास्त फ्रिक्वेन्सीला दगा देतात. दरवाजातल्या स्पीकरसाठी हाय पास फिल्टर (फार खालचा खर्ज अडवणारा) ८० हर्ट्झच्या आसपास लावावा. जुन्या ध्वनिमुद्रणांची पातळीच कमी असते, त्यामुळे ती या मांडणीत थोडी हळू वाटतील. तेव्हा आधी स्टिरिओचा आवाज वाढवावा, आणि गेनला हात अगदी शेवटी लावावा, कारण गेनबरोबर सिसकारीही वाढते.

शेवटी शिट्टीची परीक्षा. नुसत्या तंबोऱ्याची सीडी हळू आवाजात लावून, गाडी उभी ठेवून, इंजिन हळूहळू वाढवावे. इंजिनाबरोबर चढणारा दुसरा स्वर ऐकू आला, तर ॲम्प्लिफायर बंद करून त्याचे इनपुट काढावेत, तिथे शॉर्ट केलेले आरसीए पिन लावून पुन्हा चालू करावा. शिट्टी गेली तर दोष सिग्नलच्या बाजूला आहे: कन्व्हर्टर, केबलचा मार्ग किंवा स्टिरिओच्या काळ्या वायरचा डॅशबोर्डमागचा गंजका स्क्रू तपासावा. शिट्टी तशीच राहिली तर दोष ॲम्प्लिफायरच्या अर्थमध्ये किंवा अल्टरनेटरमध्ये आहे. शिट्टीऐवजी टिकटिक ऐकू येत असेल तर ती स्पार्क प्लगची आहे आणि बहुधा प्लगच्या जुन्या वायर बदलल्यावर थांबते. बाजारात मिळणारे नॉइज फिल्टर दोष सापडेपर्यंत लावू नयेत. ते दोष झाकतात आणि आवाजाचा काही भागही खातात.

सगळे जुळल्यावर तासभर गाणी वाजवून मुख्य फ्यूजच्या होल्डरला आणि अर्थच्या लगला हात लावून पाहावा. ते कोमट असतील तर चालेल. हात ठेववत नसेल तर क्रिम्प ढिला आहे. पंधरा दिवसांनी सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. आणि किल्ली काढल्यावर, दरवाजे बंद असताना, बॅटरीच्या मायनसची वायर सोडवून, ती वायर आणि मायनसचे टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर डीसी ॲम्पिअरवर घालून मोजणी करावी: ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक, अर्ध्या-एक ॲम्पिअरच्या घरात असेल तर रिमोट वायर चुकीच्या लाइनवर गेली आहे आणि दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सेल्फ घेणार नाही.